पांढऱ्या पळसाला आवतण

माझ्या बायकोचा पांढऱ्या पळसावर खरोखर विश्वास होता की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ती जाऊन आता चार महिने झाले. रोज सकाळी टेबलाशी बसतो, दोन-तीन ओळी लिहितो, त्यातली एक खोडतो. आज पळसाचं लिहायला घेतलं आहे, कारण खिडकीतून माळावरची झाडं दिसतात आणि त्यांना कळ्या धरल्या आहेत.

लग्न झालं तेव्हा मी तामसीच्या अलीकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेचा मास्तर होतो. वडिलांचं आदिलाबादला किराणा दुकान होतं. निजामाच्या काळात माझं शिक्षण झालं ते उर्दूतून. मराठी घरात बोलायचो आणि अभ्यासाच्या वहीखाली ठेवून वाचायचो. संस्थान भारतात आलं, मराठी शाळा निघाल्या आणि मला नोकरी लागली. ती त्याच गावातल्या शेतकऱ्याची एकुलती एक मुलगी. तिला आई नव्हती. शाळेत ती फार गेली नव्हती, पण रान तिला तोंडपाठ होतं.

मुंगूस दिसलं की त्या दिवशी घरात गोड होतं, असं ती म्हणायची. होतच असे, कारण करणारी तीच होती. भारद्वाज उजवीकडून गेला तर काम होतं, म्हणून ती पक्षी बघून स्वतःच डावीकडे सरकायची. टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ कोसळलं तर झेलायला, हेही तिनं मला पहिल्याच महिन्यात सांगितलं. मी पुस्तकं वाचलेला माणूस. शांतपणे समजावून सांगितलं की असं काही नसतं.

"काल रातच्याले आभाळ पडलं का?" तिनं विचारलं.

"नाही."

"मंग? कोनं धरलं?"

 

हे सगळं तिच्यात आलं होतं ते तिच्या बापाकडून. माझे सासरे कापूस आणि ज्वारी पिकवत आणि उरलेल्या वेळात थापा मारत. भारद्वाजाच्या घरट्यात एक जादूची काडी असते, ती पाण्यात टाकली तर धारेच्या उलट जाते आणि कुलूप, साखळी, काहीही तोडते, असं आमच्याकडे मानतात. सासऱ्यांनी तरुणपणी आख्खं घरटं उचलून नाल्यावर नेलं होतं आणि दिवसभर एकेक काडी पाण्यात सोडली होती.

"एक गेली जवाईबापू, उलटी गेली!" ते सांगत. "मी मागून पानी तुडवत पळालो. कंबरेइतक्या पान्यात गेलो."

"मग?"

"मंग काय. मासोळी होती."

अशा घरात मी सुखानं राहत होतो. मग राज्यांची फेरमांडणी झाली. हैदराबादचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, पैनगंगेपलीकडचा वऱ्हाडही तिकडेच, आणि आमचा जिल्हा आंध्रात. कचेरीतून कागद आला की ज्या मराठी मास्तरांना पलीकडे जायचं असेल त्यांनी बदलीची दरख्वास्त द्यावी. ती होळीच्या आत पोचली पाहिजे.

मला जायचं होतं. उर्दूतून मराठीत यायला मला इतकी वर्षं लागली होती, आता कचेरीतली भाषा पुन्हा बदलणार होती. पलीकडे वाचनालयं होती. यवतमाळला एकदा एका वाचनालयाच्या दारात उभा राहून मी नुसता वास घेऊन आलो होतो. तिला जायचं नव्हतं. तिचा बाप इथे एकटा पडणार होता. नदी ओलांडली की वर्षातून एकदा भेट, हे तिला माझ्याआधी कळलं होतं. पण ती नाही म्हणाली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "चाला ना. मी काई अडवून राह्यली का? पन माह्यं एक आवतन देनं चालू हाय. ते होऊ द्या."

आवतणाची रीत सांगतो. रानातली गुणाची वनस्पती घरी आणायची तर तिला नुसती तोडायची नसते. आदल्या संध्याकाळी जाऊन बुंध्याशी हळदीच्या अक्षता ठेवायच्या, सुपारी ठेवायची, हात जोडून म्हणायचं की उद्या आमच्या घरी या. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत जायचं. आपली सावली तिच्यावर पडू द्यायची नाही, लोखंड लावायचं नाही. आणि परत निघालं की घराचा उंबरा ओलांडेपर्यंत मागे वळून बघायचं नाही आणि एक शब्द बोलायचा नाही. आवतण देऊन नेलं नाही तर त्या झाडाचा अपमान होतो आणि बोलावणाऱ्याला गाव सोडता येत नाही.

तिनं आवतण दिलं होतं ते नाल्याकाठच्या एका कोवळ्या पळसाला. ते झाड अजून एकदाही फुललं नव्हतं, म्हणून फुलेपर्यंत ती आवतण पुन्हा पुन्हा देणार होती. तिचं म्हणणं, ते पांढरं फुलणार. पांढरा पळस लाखात एक. तो ज्याला दिसेल त्याचं भलं होतं, कोणी म्हणतं जमिनीतलं धन दिसतं, कोणी म्हणतं राजदरबारी काम होतं.

"कशावरून पांढरं?" मी विचारलं.

"त्याची साल पाहा. पांढुरकी हाय."

"सगळ्याच पळसांची असते."

"लावता का पैज?"

सासरे खाटेवर सुपारी कातरत बसले होते. त्यांच्यासमोर पैज ठरली. होळीच्या आत ते झाड पांढरं फुललं तर राहायचं. केशरी फुललं, किंवा फुललंच नाही, तर तिनं न रडता सामान बांधायचं. मी लगेच हो म्हटलं. इतकी सोपी पैज मला आयुष्यात पुन्हा कोणी लावली नाही.

"जवाईबापू," सासरे अडकित्ता थांबवून म्हणाले, "तुमी शिकले सवरले. एखांद्या वेळी बाईमानसाचं आयकून मंग हो म्हनत जा."

दरख्वास्त मी सुंदर अक्षरात लिहून तयार ठेवली. फक्त तारीख घालायची राहिली होती.

आता एक कबुली. दुपारी शाळेची मधली सुट्टी झाली की मी नाल्याकडे जाऊ लागलो. पहिल्या दिवशी उगीच गेलो. दुसऱ्या दिवशी कळ्या आल्या आहेत का ते बघायला. पळसाच्या कळ्या काळपट, मखमली असतात. बाहेरून आतला रंग ओळखता येत नाही. आठवडाभरानं माझ्या लक्षात आलं की मी झाडाच्या ज्या बाजूला सावली पडणार नाही त्या बाजूनं उभा राहतो आहे. स्वतःचाच राग आला. मुद्दाम फिरून पलीकडे गेलो आणि माझी सावली झाडावर चांगली पसरली. मग घाबरून पुन्हा बाजूला झालो. हे कोणी पाहिलं नाही असं मला वाटत होतं.

होळीला पाच दिवस उरले असताना तिनं मला पहाटे हलवलं. "उठा. आज त्याचा दिवस हाय. बाबा बाहेर उभे हायेत." आदल्या संध्याकाळी ती पुन्हा अक्षता घेऊन नाल्यावर गेली होती, हे मला माहीत होतं. अंगावर घोंगडी घेतली आणि निघालो. पुढे ती, मागे मी, माझ्या मागे काठी टेकत सासरे. गार वारा होता. पूर्वेला नुसतं फटफटलं होतं.

झाडाशी पोचलो. काळ्या कळ्यांच्या मधे, वरच्या एका फांदीवर, पांढरी फुलं होती. सात-आठ. वाकडी, पोपटाच्या चोचीसारखी, झुंजुमुंजू उजेडात दुधासारखी.

ऊन नव्हतं तरी सावली पडू नये म्हणून मी बाजूला सरकलो. खोटं लिहीत नाही, सरकलो. सासऱ्यांनी हात जोडले.

तेवढ्यात माझ्या पायाशी एक फूल पडलेलं दिसलं. ते माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. आमच्या न्हाणीच्या पाण्यावर हेट्याचं झाड वाढलं होतं, हादगा म्हणतात त्याला पुस्तकात. पाणी मुबलक, त्यामुळे इतर हेटे थांबले तरी ते फुलत राही. त्याच्या पांढऱ्या फुलांची बेसन पेरून केलेली भाजी मी आठवड्यातून दोनदा खात होतो. गेले आठ दिवस ती भाजी झाली नव्हती. खाली पडलेल्या फुलाच्या देठाला निळ्या दोऱ्याची गाठ होती. त्या थंडीत ती निळ्या दोऱ्यानं वाकळ शिवत होती.

मी वर पाहिलं. फांदी दीड पुरुष उंच. तिच्या लुगड्याच्या काठाला सालीचा चुरा लागला होता, मनगटावर ताजा ओरखडा होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, फुलांकडे बघत होती. तिचा चेहरा इतका भाविक मी देवळातही पाहिला नव्हता.

सासरे वाकून बुंध्याला हात लावायला पुढे येत होते. मी ते फूल पायाखाली घेतलं. मग चपलेचा अंगठा नीट करतो असं दाखवून उचललं आणि खिशात टाकलं. हे मी का केलं, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

"आता निघा," ती हळूच म्हणाली. "उंबऱ्यापावतर कोनी बोलू नका. मांगं पाहू नका."

तिनं रीत किती हुशारीनं वापरली ते मला वाटेत समजलं. नाल्यापासून घरापर्यंत अर्धा कोस. मला 'हा हेटा आहे' असं म्हणायचं होतं, पण बोलायची बंदी. मागे वळून फांदी दाखवायची होती, त्याचीही बंदी. मी पुढे तिची पाठ बघत चाललो. ती तरातरा चालत होती. ही बाई माझ्याशी भांडू शकली असती, रडू शकली असती. बापाला मधे घालू शकली असती. त्याऐवजी ती दोरा-सुई घेऊन झाडावर चढली होती. मला हसू यायला लागलं. तिला मागे बघता येत नव्हतं, म्हणून मी पोटभर हसलो, आवाज न करता. माझ्या मागून सासऱ्यांचा खोकला ऐकू येत होता. तो खोकलाच होता का, याची मला आजही खात्री नाही.

उंबरा ओलांडला. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तिच्या चेहऱ्यावर भक्ती नव्हती, भीती होती.

"पांढरं फुललं," मी म्हणालो.

दरख्वास्त चुलीत घातली. चहा तिच्यावरच झाला. सासरे बशीत फुंकर मारत म्हणाले, "जवाई शिकलेला असला की बरं असते. डोळ्यांनी पाह्यलं की मानते."

होळीला ते झाड भडक केशरी फुललं. मी जेवताना हे सहज बोललो. तिनं वाढताना हात थांबवला नाही. "कोनाची तरी सावली पडली असंल," ती म्हणाली. "दुपारच्याला कोनी तरी तिथं फिरून राह्यला होता म्हने." मी पाणी मागितलं.

ते फूल मी एका जाड पुस्तकात दाबून ठेवलं होतं. ती माझ्या पुस्तकांना हात लावत नसे, फक्त दिवाळीला धूळ झटकायची. त्या दिवाळीनंतर पुस्तक उघडलं, तर त्या पानात फूल नव्हतं. निळा दोरा तेवढा होता, नीट गुंडाळून, टोकाला गाठ मारून ठेवलेला. त्या संध्याकाळी ताटात हेट्याच्या फुलांची भाजी होती. बऱ्याच महिन्यांनी. मी म्हटलं, छान झाली आहे. ती म्हणाली, अजून घ्या. यापलीकडे त्या विषयावर आम्ही चाळीस वर्षांत एक शब्द बोललो नाही.

तेलुगू मी शिकलो, उशिरा आणि अडखळत. वाचनालय नव्हतं, तर पुस्तकं टपालानं मागवली. सासरे आणखी सोळा वर्षं जगले आणि दर होळीला ती मासोळी थोडी मोठी होत गेली.

कालपासून एक गोष्ट मनात आहे. त्या पळसाला तिनं आवतण दिलं होतं, पण घरी काही आणलं नाही. आणण्यासारखं नव्हतंच. म्हणजे ते आवतण अजून तसंच आहे, आणि देणारी गाव सोडून गेली. तिच्या हिशेबानं हे बरोबर नाही.

आज संध्याकाळी हे लिहिणं अर्धं ठेवून, काठी घेऊन नाल्यावर जाऊन आलो. झाड आता म्हातारं झालं आहे, पण खालच्या एका फांदीला माझा हात पोचतो. बुंध्याशी अक्षता ठेवल्या, सुपारी ठेवली, उद्या घरी या म्हटलं. न्हाणीजवळच्या हेट्याला चार फुलं आहेत. पुस्तकातला निळा दोरा काढून खिशात ठेवला आहे. पहाटे उठायचं आहे. शेजारीण दूध घालायला त्याच वाटेनं येते आणि तिला सगळ्या गावाला सांगायची सवय आहे. तिनं काही विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही, कारण उंबऱ्यापर्यंत बोलायचं नसतं.