मायची किडनी आणि संध्याकाळची गोळी

माय गेली त्या वर्षी वर्षावासाचे, आषाढी ते आश्विन पौर्णिमेचे, तिन्ही महिने कोरडे गेले. लातुरात आम्ही टँकरच्या पाण्यावर दिवस काढत होतो. धाकटा भाऊ चाकूरला शिक्षक. आठ वर्षांपूर्वी मायने त्याला आपली एक किडनी दिली होती. पुढे माय हृदयविकाराने गेली, किडनी मात्र त्याच्या पोटात काम करत राहिली. अंत्यसंस्काराहून परतताना मी मनाला तेवढंच सांगत होते, सगळी नाही गेली.

आश्विन पौर्णिमेनंतरच्या तपासणीत त्याचं क्रिएटिनिन, किडनी मंदावली की रक्तात चढणारा तो आकडा, वाढलेलं निघालं. ना ताप, ना दुखणं.

"पाणी कमी पडलं असंल, ताई," तो म्हणाला.

मलाही ते पटलं. चाकूरला जाऊन त्याच्यासाठी वेगळा माठ भरून ठेवला, तरी तो आधी आपल्या लेकरांना पाजायचा. पण नांदेडच्या डॉक्टरबाईंनी किडनीचा तुकडा काढून तपासला आणि आम्हा दोघांना बसवून सांगितलं.

"अवयव कितीही जुना झाला तरी शरीराला तो परकाच. वर्षांनंतरचा शरीराचा हा नकार फार हळू चालतो. परक्याशी लढणारी रक्तातली प्रतिपिंडं किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतात. अस्तर सुजतं, भरून येतं, दर वेळी थोडं जाड होतं. मग आजूबाजूला व्रण धरतो. गोळ्या चुकल्या का?"

मला आमच्या बोअरच्या पाण्याचा नळ आठवला. क्षार बसून आतून बुजत आला होता, आणि बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

"एकबी चुकली न्हाई मॅडम," भाऊ म्हणाला. "सकाळीच दोन्ही घेत होतो."

"दोन्ही? एकदम?"

त्याने खाली मान घालून सांगितलं. माय दर पौर्णिमेला उपोसथ करायची, दुपारी बारानंतर अन्न नाही. तिच्या आठवणीसाठी त्याने अख्खा वर्षावास तसा पाळला. गोळी जेवल्यावरच घ्यायची, ही त्याची समजूत. म्हणून संध्याकाळची गोळी सकाळच्या गोळीबरोबरच. या नेमाचं मी चारचौघांत कौतुक केलं होतं.

"ही गोळी बारा तासांपुरतीच शरीराला आवरून धरते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रात्रभर त्याला रान मोकळं होतं. आणि ती रिकाम्या पोटी जास्त चांगली लागू पडते. व्रण झाला तेवढा भाग परत येणार नाही. उरलेला पुष्कळ आहे, तो सांभाळू."

परतताना एसटीने अहमदपूर सोडलं. मग तो म्हणाला, "मायसाठी केलं, अन् मायलाच..."

"उरलेला पुष्कळ आहे," मी डॉक्टरबाईंचंच वाक्य त्याला दिलं.

चाकूरला उतरून आम्ही आधी विहारात गेलो. भंतेजींनी सगळं ऐकून घेतलं.

"औषधाला बाराची अट न्हाई," ते म्हणाले. "शाळेत पोरांना सांगता, इचारा, इचारा. अन् सोताला इचारता आलं न्हाई व्हय, मास्तर?"

भाऊ कितीतरी दिवसांनी हसला.

औषधं बदलली, नांदेडच्या खेपा वाढल्या. आकडा लगेच उतरला नाही. त्या दिवसांत एसटीत उदगीर वेगळा जिल्हा होणार, याचीच चर्चा असायची. "उदगीर जिल्हा होतो होतो म्हणतेत ना," तो मला म्हणायचा, "तसंच माझं क्रिएटिनिन उतरतं उतरतं." पुढे चार तपासण्यांत आकडा होता तिथेच राहिला. डॉक्टरबाई म्हणाल्या, हेच हवं होतं. हे कायमचं नाही, हे त्यांनी लपवलं नाही. पण नीट सांभाळलं तर वर्षं मिळतील.

पुढच्या आषाढी पौर्णिमेला मी चाकूरला होते. त्या वर्षी पाऊस वेळेवर आला होता. भावाने पांढरे कपडे घातले, दुपारी बाराच्या आत जेवला. संध्याकाळी आठला मोबाइलमधला गोळीचा गजर वाजला तेव्हा आम्ही मायच्या फोटोसमोर वंदनेला बसलो होतो. तो मध्येच उठला, गोळी तोंडात टाकली, माठातलं तांब्याभर पाणी सावकाश प्यायला आणि परत येऊन हात जोडले. मी तोवर थांबले होते. मग आम्ही पुढची गाथा म्हणायला घेतली.