गोकुळाची फोड

आमचे लालपेन गुरुजी लग्नाची पत्रिकासुद्धा तपासून परत करायचे. चुकीचा शब्द दिसला की अंगावर झुरळ पडल्यासारखे चवताळायचे. "शब्द वापरायच्या आदी फोडून पाह्य, बैला," हे मला रोजचं. माझी वही इतकी लाल व्हायची की आई विचारायची, "कुंकू सांडलं का रे?"

एवढं शिकूनही मी तेलुगू मुलखाच्या सीमेवरच्या मावल्यात घर बांधलं आणि दारावर संगमरवरात 'गोकुळ' कोरून घेतलं. शेजारी तेलुगूतही, माझा मूर्खपणा वाचायला कोणी मुकू नये म्हणून. वास्तुशांतीला गुरुजी आले आणि फाटकातच थांबले.

"हे नाव काऊन रे?"

"आजोबांच्या गावाची आठवण, गुरुजी. गाई, दूध, लोणी... आनंदीआनंद."

"अर्थ नको सांगून राहू. फोड."

"गो म्हणजे गाय. कुळ म्हणजे कळप."

"कळप कोनाचा?"

"आमचाच!" मी चक्क छाती फुगवली.

"अन् शेन कोन काढे?"

"असेल कोणी गडीमाणूस."

गुरुजींचा आवाज फाटला. "माही माय काढे! तुह्या आज्याच्या गोठ्यात. पानी मांगलं तं वरून ओंजळीत टाकत, भांड्याले हात लागू नाई म्हून. गाईंची नावं तुले पाठ असतीन. माह्या मायचं नाव सांग."

कपिला, ढवळी, चांदी... गाई झरझर आठवल्या. तिचं नाव आठवणार कुठून? कधी विचारलंच नव्हतं.

गुरुजी न जेवता गेले.

मलाच राग आला. पाहुण्यांसमोर पाणउतारा! वर्षभर मी त्यांच्याकडे फिरकलो नाही. म्हातारा शब्द धरून बसतो, असं चारचौघांत सांगत राहिलो. मग ते गेल्याचा फोन आला. त्यांच्या घरी बुद्धांच्या तसबिरीशेजारी एका बाईचा फोटो होता, खाली लाल शाईत 'गिरजाबाई'. उत्तर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर टांगलेलं होतं.

दुसऱ्याच दिवशी कारागीर बोलावून पाटी घासायला लावली. "साब, अब क्या लिखूँ?" त्यानं विचारलं. 'गिरजाबाई' ओठांवर आलं, आणि संताप आला तो स्वतःचाच. आमचा गोठा तिनं झाडला. आता आमचं दार राखायलाही तिलाच उभं करायचं?

"कुछ नहीं," मी म्हणालो.

तेलुगू नाव गेलं, 'कुळ' गेलं. 'गो' मात्र खोल कोरलेला, निघता निघेना. लोक विचारतात, हे कसलं नाव? गो म्हणजे बैलसुद्धा, हे गुरुजींनीच शिकवलेलं. मी सांगतो, "इथं राहतो तो."