भाड्याचा बॉलर

मी टेनिस बॉल क्रिकेटचा बॉलर आहे. डहाणू आणि तलासरी तालुक्यातल्या किती टीमांकडून खेळलो ते आता मलाही नीट सांगता येणार नाही. गेल्या रविवारी ज्यांच्याकडून खेळलो त्यांच्याच विरुद्ध या रविवारी उतरलोय, असंही झालंय. आमच्यासारख्यांना लोक भाड्याचे प्लेअर म्हणतात. मागे म्हणतात, तोंडावरही म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही. टेम्पोला भाडं मिळतं ते तो माल नीट पोचवतो म्हणून. मीही पोचवतो.

घर चिंचणीला, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. वडील बोटीवर जायचे, आई मासळी सुकवून विकायची. ओहोटीला वाळू ओली आणि कडक असते, तिच्यावर मी बॉलिंग शिकलो. शिकवलं कोणी नाही. जोरात टाकायचं एवढंच ठाऊक होतं, आणि माझ्याइतकं जोरात टाकणारा आमच्या गावात दुसरा नव्हता.

एका स्पर्धेत तलासरीची टीम आमच्याशी खेळायला आली आणि हरून गेली. चार-सहा दिवसांनी त्यांचा कॅप्टन मोटारसायकल घेऊन आमच्या दारात हजर. आई अंगणात सुके बोंबील निवडत बसली होती. गिऱ्हाईक आलंय असं समजून तिने काटा पुढे ओढला.

"किती देऊ?"

"मावशी, बोंबील नको. मुलगा पायजे."

आईने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "लग्नाचं काय?"

"नाही ओ. बॉलिंगला."

वडील आतून हे ऐकत होते. बाहेर येऊन मला म्हणाले, "जा. पण एक ध्यानात ठेव. दुसऱ्याच्या बोटीवर गेलास तरी जाळं आपलं समजून ओढायचं." बस, एवढंच. ते पुन्हा आत गेले.

तलासरीकडची मैदानं वेगळी. भात कापल्यावर शेतात रोलर फिरवायचा आणि मध्ये पिच करायचं. माती कडक, बॉल छातीपर्यंत उडायचा. त्या मैदानावर माझा वेग बॅट्समनला सोसायचा नाही. मागे कीपर होता एक, उधव्याकडचा. बुटका, मजबूत, एरवी वीटभट्टीवर कामाला. माझा एकही बॉल त्याच्या हातून सुटलेला मला आठवत नाही. मी रनअपला निघालो की बॉल कसा येणार हे त्याला आधीच कळायचं. मी एकदा विचारलंही, "तुला कसं समजतं रे?" तो हसला. "ते सांगायचं नसतं," म्हणाला. आम्ही दोघांनी मिळून बरेच चषक आणले. कॉमेंट्रीवाला माझं नाव न घेता नुसतं 'चिंचणी एक्सप्रेस' म्हणायचा आणि लोकांना कळायचं.

मग राज्याच्या हद्दीपलीकडे उंबरगावच्या बाजूला मॅच होती. दुपारची वेळ. चांगल्या लयीत होतो. एक बॉल टाकला आणि खांद्यात आतून काहीतरी ओढल्यासारखं झालं. बॉल हातातून सुटून भलतीकडेच गेला. समोरचा बॅट्समन पिच सोडून माझ्याकडे चालत आला. "शुं थयुं, भाई?" मी म्हटलं, काही नाही. पण हात वर जात नव्हता.

डहाणूच्या डॉक्टरांनी बॉलिंग बंद सांगितली. किती दिवस, असं विचारलं तर ते म्हणाले, "आधी शर्ट स्वतःच्या हाताने घालता येऊ दे, मग बोलू." सीझन तसाच गेला. पुढच्या सीझनच्या तोंडावर तलासरीच्या कॅप्टनचा फोन आला. त्याने आडपडदा ठेवला नाही. "नवीन बॉलर घेतलाय. जोरात टाकतो. तू बरा झालास की सांग."

"चांगलं केलंस," मी म्हटलं. आणि ते मनापासून होतं. मला जेव्हा नेलं होतं तेव्हाही कोणातरी जुन्याला घरी बसवलंच असणार.

तारापूरला कंपनीत पॅकिंगला लागलो. पाळीची नोकरी, वेळेवर पगार. बायको बालवाडीत शिकवते. दोघांचं मिळून घर बरं चाललं होतं. खांदाही हळूहळू मोकळा झाला. पण पहिला वेग गेला तो गेलाच. एका संध्याकाळी किनाऱ्यावर टाकून बघितलं आणि पहिल्या दोन-तीन बॉलमध्येच समजलं. बायको सोबत होती. मी वाळूत बसलो तेव्हा ती म्हणाली, "जोरातच टाकायला पाहिजे असं कुठे आहे?"

"हळू टाकला तर मारतील."

"हळू आहे हे कळलं तर मारतील."

ती क्रिकेट बघणाऱ्यातली नव्हती, पण मुद्दा बरोबर होता. तेव्हापासून शिफ्ट आणि ओहोटी जुळली की आम्ही किनाऱ्यावर जायचो. ती मासळीच्या क्रेटसमोर फळी घेऊन उभी राहायची आणि मी स्लो बॉल टाकायचो. हात तसाच जोरात फिरवायचा आणि बॉल मात्र बोटांतून निसटू द्यायचा. सुरुवातीला तो कुठेही जायचा. एकदा वाळत घातलेल्या मासळीत गेला आणि शेजारच्या काकूंच्या शिव्या दोघांनी खाल्ल्या. पावसाळा आला तेव्हा तो मला हवा तिथे पडायला लागला होता. तरी बायको एकूण एक बॉल फळीने परतवायची. मला कळेना.

"तुला दिसतो कसा?"

"तुम्ही ओठ चावता. हळू टाकायचा असला की निघतानाच."

मग मला उधव्याच्या कीपरचं हसणं उमगलं. माझा तेव्हाचा स्लो बॉल म्हणजे नावालाच होता, पण ओठ तेव्हाही चावत असणार. ती सवय घालवायला खांद्यापेक्षा जास्त त्रास झाला. तोंडात बडीशेप ठेवून टाकायला लागलो, म्हणजे ओठ मोकळे राहत.

रानशेतचा कॅप्टन रिक्षा चालवतो. मी पुन्हा टाकतोय हे त्याला बाजारात कोणाकडून तरी कळलं. स्टेशनबाहेर भेटला तेव्हा त्याने सरळच विचारलं, "आता वेग नाही ना?"

"नाही."

"मग काय आहे?"

"बघायला ये."

तो खरंच आला. बॅट घेऊन उभा राहिला, बरेच बॉल हुकला, आणि म्हणाला, "शेवटची ओव्हर तुझी."

त्या सीझनला मी रानशेतकडून खेळलो. नरपडच्या किनाऱ्यावर स्पर्धा होती आणि फायनलला समोर तलासरी. माझा तो कीपर आता त्यांचा मुख्य बॅट्समन झाला होता. टॉसच्या आधी त्याने येऊन मिठी मारली. "खांदा कसा आहे?"

"मारून बघ, कळेल."

"मारणारच आहे," तो म्हणाला.

शेवटच्या ओव्हरला त्यांना तेरा रन हवे होते आणि स्ट्राइकवर तोच. मी उत्तरेकडून टाकत होतो. म्हणजे त्याच्या पुढ्यात, ऑफला, सुरूची झाडं आणि पाठीशी, लेगला, समुद्र. पहिला बॉल मी ऑफला टाकला. त्याने तो उचलून सुरूच्या झाडांत घातला. त्यांच्या मंडपात ढोल सुरू झाला. दुसरा स्लो टाकला. त्याचं लक्ष बॉलकडे नव्हतं, माझ्या तोंडाकडे होतं. तिथे काही सापडलं नाही आणि त्याची बॅट आधीच फिरून गेली. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी बडीशेप चघळत होतो.

कॅप्टन धावत आला. "ऑफला टाक. तिकडे फिल्डर लावतो."

"सगळे समुद्राकडे लाव," मी म्हटलं.

"वेडा आहेस का? भरती चढतेय, तिकडची बाउंड्री आत आलीय. टोलवला की सिक्स."

"जवळ दिसतेय म्हणूनच तो तिकडे मारणार. वारा बघ."

दुपार कलली की आमच्याकडे दर्यावरून वारा सुटतो. टेनिस बॉल तो, वजन ते किती. त्या वाऱ्यात वर गेलेला बॉल पुढे जात नाही. तलासरीच्या पोरांचं खेळणं सगळं आतल्या मैदानांवर, त्यांना ही सवय नव्हती. कॅप्टनने एकदा समुद्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि फिल्डर हलवले.

तिसरा बॉल मी त्याच्या पायांवर, हळू आणि वर ठेवून टाकला. त्याने मनासारखा मारला. बॅटचा आवाजही भरीव आला. बॉल उंच गेला, लोक उभे राहिले, कॉमेंट्रीवाल्याने सिक्स म्हणूनही टाकलं. आणि मग बॉल वर थांबला. थांबला आणि मागे यायला लागला. पाण्याच्या कडेला उभा असलेला आमचा फिल्डर चार पावलं आत आला आणि त्याने तो छातीशी धरला. पुढच्या बॅट्समनला कोणी सांगायला जायच्या आत मी त्यालाही तसाच टाकला आणि तोही तसाच गेला. उरलेल्या दोन बॉलवर त्यांना एकेक रन मिळाला.

बक्षिसाला उभे असताना कीपर शेजारी येऊन म्हणाला, "ओठ चावायचं सोडलंस."

"बायकोने सोडवलं."

"आणि वारा?"

"तो पहिल्यापासून आमच्याच गावचा."

तो हसला, पण लगेच कामाचं बोलला. "पुढच्या सीझनला आमच्याकडे ये. त्या नवीन पोराला स्लो बॉल शिकव." मी विचार करतो म्हटलं आणि दिवाळीच्या आधी होकार कळवला. तो पोरगा मी होतो त्यापेक्षाही जोरात टाकतो. डोक्यानं टाकायला अजून वेळ आहे, पण ऐकतो.

आता चाळिशी जवळ आलीय. कंपनीत सीझनच्या रविवारी मला सुट्टी लागते हे सुपरवायझरला पाठ झालंय, तो विचारत नाही. फोन अजून येतात, रानशेतहून, तलासरीहून, पलीकडच्या संजाणहूनही. पूर्वी विचारायचे, किती जोरात टाकतोस. आता विचारतात, शेवटची ओव्हर टाकशील ना. मी हो म्हणतो आणि मैदान कुठलं ते विचारून घेतो.