नाकातलं भोक

मालवणच्या बाजारातला तो फोटोवाला गिऱ्हाइकाचे डोळे बघतच नसे. आधी कान बघायचा, मग नाक. "कोणी टोचल्यान रे?" असं थकलेल्या आवाजात विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली शिरायचा. बाहेर आला की उगाच आपली नाकपुडी चोळत राहायचा.

माझा फोटो लग्नासाठी मुलीकडे दाखवायला जायचा होता. मी म्हटलं, "देवीचे वण पुसून टाका, आणि ह्यां नाकातलां भोकय बुजवा." माझ्याआधीची भावंडं जगली नव्हती. मुलगी समजून मरणाने मला सोडून द्यावं, म्हणून आईने पाळण्यातच माझं नाक टोचून घेतलं होतं. आता मुलीकडचे हसतील, ही मला धास्ती.

फोटो हातात आला. पेन्सिल फिरवून गाल अगदी गुळगुळीत केलेले, पण भोक जिथल्या तिथे.

मी तणतणलो. तो कंटाळून म्हणाला, "वण पुसलंय मां? ह्यां भोक आवशीन पाडून घेतल्यान, तू जगाक होयो म्हणान. ह्यां बुजवूक माका जमाचां नाय."

बोलताना त्याचं बोट नाकपुडीवरून खाली आलं. तिथेही तसंच भोक होतं.