खालची अक्षरं

आम्हा दोघांना तोंड बंद ठेवून सिनेमा बघता येत नाही. लग्नानंतर थेटरात गेलो, तेव्हाच पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी वळून हात जोडले होते. माझं आपलं सुरू, "बघा हं, हा दीरच चोर निघणार." आणि आमचे हे पेठच्या तहसील कचेरीत कारकून, त्यामुळे पडद्यावर कागद दिसला की यांचा जीव खालीवर. "अगं, असा शिक्का मारतात होय? जावक क्रमांक कुठाय?" नायिकेचा बाप मरायला टेकलेला असायचा आणि हे मृत्युपत्रातल्या चुका काढायचे. पुढे घरात टीव्ही आला आणि थेटरवाल्यांची आमच्यापासून सुटका झाली. नाशिक रोडच्या आमच्या दोन खोल्यांत जेवणं आटोपली की सोफ्यावर चिवड्याची वाटी मधे ठेवून रोज आमची बडबड चाले. सिरियल कुठली का असेना.

रिटायर झाल्यावर यांना कमी ऐकू येऊ लागलं. मान्य करतील तर शपथ! "मला सगळं ऐकू येतं. तूच हल्ली पुटपुटतेस." मी पुटपुटते? मी प्राथमिक शाळेत बाई होते. माझा एक वर्ग चाले तेव्हा शेजारचे दोन वर्ग आपोआप पाढे म्हणायचे! टीव्हीचा आवाज वाढवत वाढवत गेलो, तर वरच्या मजल्यावरच्या वहिनी सांगायला आल्या, "काकू, आम्ही आमचा टीव्ही आता लावतच नाही, तुमचाच ऐकतो." कानाच्या मशीनचा विषय काढला की हे फाटकाबाहेर फिरायला निघून जात.

एकदा पंचवटीहून माझी नणंद राहायला आली होती. तिघं सिरियल बघत होतो. नायिका रडून रडून शेवटी म्हणाली, "मला घटस्फोट हवाय." हे ताडकन उठले, स्वयंपाकघरात धावले, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या आणि तिथूनच ओरडले, "बाहेर व्हा दोघी! कुठे झाला गॅसचा स्फोट?" आम्ही दोघी हसून हसून लोळलो. नणंदेला तर उचकी लागली. हेही हसले. पण दुसऱ्या दिवशी सिरियलची वेळ झाली तशी पेपर घेऊन गॅलरीत जाऊन बसले. "तू बघ. मला त्यात काही राम वाटत नाही."

मला वाटलं, दोन दिवसांचा रुसवा असेल. चिडका बिब्बा, येईल आपणहून. पण महिना गेला, दुसराही गेला. नणंद आपल्या घरी हसून मोकळी झाली आणि इथे सोफ्यावर मी एकटी. दीर चोर निघाला तरी सांगू कुणाला? कोर्टाचा सीन लागला की मी वळून गॅलरीकडे बघायचे. आत्ता हे असते तर वकिलाची चांगली हजेरी घेतली असती. अळणी भाजी खाल्ल्यासारखी मी सिरियल बघायचे, आणि एके दिवशी जाहिरात चालू असताना मला चक्क रडूच आलं. माणूस घरात असून मला त्याची आठवण येत होती.

मग एका संध्याकाळी रिमोटवर माझं बोट भलतीकडेच पडलं आणि एक मल्याळम सिनेमा सुरू झाला. बंदच होईना. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. मला इंग्रजी वाचता येतं, नाही असं नाही, पण माझी निम्मी ओळ होईतो तो माणूस बोलून, भांडून, घराबाहेर पडलेला असतो. मी हाक मारली, "अहो! हे काय लागलंय बघा!"

हे पेपर काखेत धरून दारात उभे राहिले. जरा वेळाने म्हणाले, "तो म्हणतोय, विहीर माझ्या आजोबांनी खोदलीय."

"मग?"

"थांब की, वाचू दे... भाऊ म्हणतोय, सदर जमिनीची मोजणी करा." मग एकदम भडकले, "चूक! साफ चूक! लगतदारांना, शेजारच्या जमीनवाल्यांना, नोटीस दिली का? अशी मोजणी कुठे करतात?" आणि मोजणीवाल्याला शिव्या घालता घालता हे सोफ्यावर कधी टेकले, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. मी चिवड्याची वाटी हळूच मधे सरकवली.

तेव्हापासून आमच्या घरी मराठी बंद. तमिळ, कोरियन, इराणी, काय वाटेल ते चालतं, फक्त खाली अक्षरं हवीत. यांना ऐकू येत नाही, मला कळत नाही, आंधळ्या-लंगड्याची जोडी झक्क जमलीय. हे मोठ्यांदा वाचतात, तेही कचेरीच्या मराठीत. बाई पाच मिनिटं छाती पिटून रडते आणि हे सांगतात, "नाही म्हणते."

"अहो, एवढं बोलली ती!"

"सारांश सांगितला."

मशीनचं बघू दिवाळीनंतर, असं परवा आपणहून म्हणाले. बघू म्हणजे बघू. मी घाई करत नाही.

गेल्या रविवारी कुठल्यातरी बर्फाच्या मुलखातला सिनेमा होता. म्हातारा-म्हातारी दोघंच घरात. म्हाताऱ्याने तिच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि समोर बसून राहिला. बराच वेळ तसाच. मी विचारलं, "काय म्हणतोय?"

हे पडद्याकडे बघत म्हणाले, "म्हणतोय, गॅलरीत मला अजिबात करमत नव्हतं. तुझ्याशिवाय कुठेच करमत नाही."

इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून असलं वाक्य मी ऐकलेलं नाही. मी चष्मा वर केला. म्हातारा तोंड मिटून बसला होता. खाली एक अक्षर नव्हतं.

"त्याला म्हणावं, तिलाही नाही करमत," मी म्हणाले. वरच्या मजल्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.