पोवळ्यांचा डोस

घड्याळजींना झटका आला आणि त्यांची वाचाच गेली. उजवा हातही लुळा पडला. दुकानाला कुलूप लागलं. घरी उरल्या काकू, त्यांचं शिवणयंत्र आणि बैठकीतली ती भली मोठी काचेची टाकी. तिच्यात समुद्राचं पाणी आणि जिवंत पोवळी. घड्याळजींनी ती पोरांसारखी वाढवलेली. काकूंनी आजवर तिच्या काचेला बोटही लावलं नव्हतं.

लेक म्हणाली, "आई, देऊन टाक कुणाला तरी. तुझ्या मागे काय कमी व्याप आहेत?"

"बघते," काकू म्हणाल्या. पण घड्याळजी दिवसभर खुर्चीतून त्या टाकीकडेच बघत बसायचे. शेंड्यांना फिकी पडलेली पोवळी बघून त्यांचे डोळे भरून यायचे. हे काही काकूंना बघवेना.

शेवटी त्यांनी पदर खोचला. तपासणीची पेटी काढली, आतला कागद वाचत नळीत पाणी घेतलं आणि थेंब मोजत औषध सोडलं. गुलाबी पाणी निळं झालं. कॅल्शियम तीनशे साठ. हवं चारशे वीस. पोवळ्यांची हाडंच कॅल्शियमची, वाढणार कशी बिचारी? कॅल्शियमच्या औषधाच्या बाटलीवर लिहिलं होतं: शंभर लिटर पाण्याला दहा मिली, म्हणजे कॅल्शियम दहाने चढतं; एका दिवसात वीसच्या वर चढवू नये.

टाकी तीनशे लिटरची. दहा त्रिक तीस, वीसने चढवायचं म्हणून दुप्पट. काकूंनी साठ मिली मोजून घेतलं आणि माप टाकीवर तिरपं करणार, तोच मागून घोगरा आवाज आला.

"दगड!"

काकूंचा हात थबकला. एवढे महिने मुके राहिलेले नवरोबा बोलले आणि पहिला शब्द हा!

"अहो, मी इथे तुमच्या पोवळ्यांसाठी जीव टाकतेय आणि मला दगड म्हणता?"

घड्याळजी जोरजोरात मान हलवू लागले. डाव्या हाताने टाकीतले खडक दाखवले, खालची वाळू दाखवली. मग पाच बोटं वर केली आणि त्यातलं एक मिटलं.

काकूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अगोबाई! पाचातला एक वाटा दगडवाळूनेच अडवलाय. पाणी दोनशे चाळीसच लिटर!"

घड्याळजी हसले. तोंड वाकडं झालं, पण हसले. काकूंना हसू आणि रडू एकदमच फुटलं. डोळे पुसून त्यांनी साठातलं बारा मिली परत बाटलीत ओतलं.

तीन दिवसांत आकडा चारशे वीसवर आला. पुढे पोवळी रोज किती कॅल्शियम खातात ते तपासून त्या तेवढाच डोस घालू लागल्या. फिकट शेंड्यांवर जांभळी टोकं फुटली. रोज तपासणीच्या नळीत थेंब पडताना ते घड्याळजींनी मोठ्याने मोजायचं, असा काकूंनी नेमच लावला. शब्द अडखळायचे, आकडे चुकायचे, काकू पुन्हा म्हणवून घ्यायच्या.

परवा लेक आली, तेव्हा बैठकीत कडाक्याचं भांडण चाललं होतं.

"तुमचा एक थेंब राहिला मोजायचा!"

"नाही... राहिला! तूच... जास्त टाकलास!"

लेक चप्पल न काढता दारातच उभी राहिली, आणि कितीतरी वेळ ऐकत राहिली.