जांभळी खाडी

माझी मुलगी दुसरीत असताना मी तिला शाळेतून काढलं, कारण ती वर्गात बोलायचीच बंद झाली होती. घरी थोडंफार बोलायची, पण रविवारच्या संध्याकाळपासून तेही आटायचं. बाईंचं म्हणणं, मुलगी हट्टी आहे. माझं म्हणणं, बाईच हट्टी आहेत. नवरा बोईसरच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो. तो म्हणाला, "काढ हवं तर, पण शिकवणार कोण?" मी म्हटलं, "मी!" माझ्या तोंडाला तेव्हाही लगाम नव्हता.

घरीच शिकणाऱ्या मुलांची आणखी दोन कुटुंबं फोनवरच्या एका ग्रुपमध्ये सापडली, एक पालघरचं आणि एक चिंचणीच्या बाजूचं. आम्ही तिघी आयांनी ठरवलं की दर बुधवारी मुलं उघड्यावर खेळतील. धडा नाही, गृहपाठ नाही. नियम एकच, मुलांना "नको" म्हणायचं नाही. चढू दे, पडू दे, चिखलात लोळू दे. हा नियम मी सुचवला होता आणि त्याचा मला केवढा तोरा होता.

जागा शोधताना आम्हाला एक खाडी मिळाली. ओहोटीला चिखलाचं मोकळं मैदान, कडेला तिवरांची झाडी, आणि माणूस औषधालाही नाही. आम्ही एकमेकींना टाळ्या दिल्या. इतकी सुरेख जागा आणि इथे कोणी फिरकत नाही! गावातली पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळत बसतात, त्यांना कुठली कदर, असं मी बोलले. ते वाक्य अजून मला खातं.

पहिल्या बुधवारी खाडी काठोकाठ भरलेली होती. मुलं बांधावर बसून डबे खाऊन परत आली. आमच्या बिल्डिंगमध्ये सुकी मासळी विकायला एक कोळीण मावशी यायची, तिला हे सांगितलं तर ती पोट धरून हसली.

"दर्या बुधवार बघत नाय गो, तिथी बघते! अमाशा-पुनवेला उधान, अष्टमीला भांग."

उधाणाला पाणी खूप चढतं आणि तितकंच लांब ओसरतं, भांगाला धड चढत नाही की धड उतरत नाही, एवढं तिनं मला जिन्यातच शिकवलं. मी भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर लावलं. आमची शाळा तिथीवर भरू लागली याचं मला फार कौतुक वाटत होतं.

"पन पोरांना नेता कुठं?" तिनं विचारलं. मी खाडीचं सांगितलं. टोपली उचलता उचलता ती थांबली. "तिथं नको नेऊ. आमी पन जात नाय आता तिथं."

"नको" हा शब्द ऐकला आणि मला चेव आला. मी तिला उभ्या उभ्या समजावलं की भीती मोठ्यांच्या मनात असते, मुलांना मोकळं सोडलं की ती स्वतःच शिकतात, आपण सारखं नको नको करून त्यांचे हातपाय बांधतो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बरं. शिकलेली मानसा तुमी," ती म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन उतरून गेली. का जात नाही, एवढे दोन शब्द मी विचारले नाहीत.

पुढचे काही महिने मात्र माझी मुलगी बोलली. किती बोलली! चिखलात उड्या मारणाऱ्या निवटी माशांशी बोलली, खेकड्यांशी भांडली, इतर मुलांवर हुकूम सोडले. घरी येताना रिक्षात तिची टकळी थांबायची नाही. मी तोंड रस्त्याकडे फिरवून रडायचे, आनंदानं. तिला एक वही दिली होती. खाडीवर जे दिसेल ते काढायचं, बाकी काही बंधन नाही.

पहिल्या पानांवर खेकडे आहेत, शिंपल्यांतले खुबे आहेत, बगळा आहे. मग पानं रिकामी होत जातात. एका पानावर फक्त निवटी, एकच. त्यानंतर एक पूर्ण पान जांभळं. खाडी जांभळी, कडेचा फेसही जांभळा. त्या दिवशी मी तिवरांच्या सावलीत बसून बाकीच्या दोघींना मुक्त खेळावर व्याख्यान देत होते आणि पाण्याला माझी पाठ होती. घरी चित्र बघून मी तिला कवटाळलं. केवढी कल्पनाशक्ती! फोटो काढून ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली.

तिनं कल्पना केलीच नव्हती. समोर होतं ते काढलं होतं.

पुढच्या आठवड्यात तिच्या पावलांवर फोड आले, मग पोटऱ्यांवर. बाकीच्या मुलांनाही थोडे आले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ही कुठल्या पाण्यात खेळते? फोड बरे व्हायला फार दिवस लागले. रात्रपाळीहून आलेल्या नवऱ्याला मी ती वही दाखवली. जांभळ्या पानावर त्यानं बोट ठेवलं.

"हा रंग मी पाहिलाय," तो म्हणाला. "आमच्या कारखान्यातला की शेजारच्या, ते सांगता यायचं नाही." मग वही मिटून आंघोळीला गेला. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावरही गेला. आमची चूल त्याच कारखान्यांच्या वसाहतीवर पेटते.

मावशी आली तेव्हा मी दारातच तिला जाब विचारला. मला धड सांगितलं का नाहीस?

"सांगितलं ना गो. नको बोलली." तिचा आवाज चढला नाही. "माज्या सासूला तिथं टोपलीभर खुबे गावायचे. मंग पानी रंगीत यायला लागला. आमी पोरांना बांदाच्या पलीकडं पाय ठेवू देत नाय."

ग्रुप फुटला. पालघरच्या कुटुंबानं मुलांना शाळेत घातलं, चिंचणीकडच्या आईनं माझा फोन घेणं बंद केलं. नियम माझाच होता, बोलणार कोणाला? जूनमध्ये मुलीला मी परत शाळेत घातलं. त्याच शाळेत. बाई आता म्हणतात, शांत आहे, त्रास नाही. तिच्या पायांवर काळे डाग राहिलेत. ती उन्हाळ्यातही मोजे घालते.

परवा पौर्णिमा होती. पंचांग बघून मी तिला ओहोटीच्या वेळी चिंचणीच्या किनाऱ्यावर नेलं. वाळू लांबवर उघडी पडली होती, गावातली पोरं धावत होती. ती बूट घालून कोरड्या वाळूत उभी राहिली. मी म्हटलं, जा ना, खेळ.

बऱ्याच दिवसांनी ती आपणहून बोलली. "आई, इथे काय काय नको, ते आधी सांग."

मी पाण्याकडे पाहिलं. पाणी पाण्यासारखंच दिसत होतं. त्यात काय मिसळलंय ते नुसतं बघून कळण्यासारखं नव्हतं. मी तिचा हात धरला आणि आम्ही रिक्षा शोधायला रस्त्यावर आलो.